परदेशी सरकारचा पैसा, आपल्या भाषेतली बातमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका देशाचं सरकार दुसऱ्या देशातल्या लोकांना त्यांच्याच भाषेत बातम्या देण्यासाठी कोट्यवधी खर्च करतं. कारण सांगितलं जातं ते असं, की तिथे पसरणाऱ्या खोट्या प्रचाराला उत्तर द्यायचं आहे. लातूर-नांदेडात बसून हा विषय फार लांबचा वाटतो. पण अभ्यासिकेत, वाचनालयात किंवा पत्रकारितेच्या वर्गात तो निघाला की प्रश्न थांबत नाहीत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे दिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणून वाचावं आणि पटलं नाही तर खुशाल वाद घालावा.

हा नेमका काय प्रकार आहे?

याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिल्यात सरकार स्वतःच्या देशातली एक संस्था पोसतं आणि ती संस्था परदेशी भाषांत बातम्या देते. ब्रिटनची बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस, अमेरिकेची व्हॉइस ऑफ अमेरिका आणि रेडिओ फ्री युरोप, जर्मनीची डॉइच वेले, फ्रान्सची आरएफआय आणि फ्रान्स २४, जपानची एनएचके वर्ल्ड ही त्यातली ठळक नावं. रशियाची आरटी आणि चीनची सीजीटीएनही सरकारी पैशावरच चालतात. त्यांच्यात आणि वरच्या संस्थांत फरक काय, ते पुढे येईलच.

दुसऱ्या प्रकारात सरकार दुसऱ्या देशातल्या स्वतंत्र पत्रकारांना, छोट्या वृत्तसंस्थांना, तथ्यतपासणी करणाऱ्या गटांना अनुदान देतं. अमेरिकेची परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था यूएसएड हे काम मोठ्या प्रमाणावर करायची.

ही कल्पना कधी सुरू झाली?

रेडिओवरून. मुसोलिनीच्या इटलीने १९३४ मध्ये बारी या शहरातून अरबी भाषेत प्रसारण सुरू केलं. गाणी उत्तम आणि गाण्यांच्या मधे ब्रिटिशांविरुद्धचा प्रचार. पॅलेस्टाइन, इजिप्तच्या चहाच्या दुकानांत लोक ते ऐकू लागले तशी लंडनमध्ये चुळबुळ सुरू झाली. ३ जानेवारी १९३८ रोजी बीबीसीने अरबी सेवा सुरू केली. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतली ती बीबीसीची पहिली सेवा.

त्या पहिल्या दिवशी जे घडलं ते मला या सगळ्या विषयाचं मूळ वाटतं. पहिल्याच बातमीपत्रात एक बातमी होती, की पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एका अरबाला फाशी दिली. आपल्याच सरकारच्या पैशातून, अरबांची मनं जिंकायला उघडलेल्या सेवेवर, पहिल्याच संध्याकाळी ही बातमी! परराष्ट्र खात्यातले अधिकारी संतापले. बीबीसीचं म्हणणं असं, की घडलेली गोष्ट नकोशी आहे म्हणून गाळली तर पुढे आपल्यावर कोण विश्वास ठेवणार? हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे आणि तो चालू राहणं हेच अशा संस्थेच्या प्रकृतीचं लक्षण आहे, असं मी मानतो.

आपल्याकडेही फार उशीर झाला नाही. १ ऑक्टोबर १९३९ रोजी, म्हणजे दुसरं महायुद्ध पेटून महिना झाला तेव्हा, ऑल इंडिया रेडिओने पश्तो भाषेत प्रसारण सुरू केलं. अफगाणिस्तानच्या दिशेने येणाऱ्या जर्मन प्रचाराला उत्तर देणं हा त्याचा हेतू होता. आकाशवाणीचा विदेश प्रसारण विभाग त्यातूनच उभा राहिला. व्हॉइस ऑफ अमेरिका १ फेब्रुवारी १९४२ रोजी जर्मन भाषेतून बोलू लागली.

मराठवाड्याचा याच्याशी काय संबंध?

दोन ठिकाणी जवळचा संबंध आहे.

पहिला आपल्या इतिहासातला. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या माणसाला आपल्याच गावात काय चाललंय हे कळायला सरहद्दीपलीकडून येणाऱ्या मजकुराची वाट पाहावी लागे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये पुण्यातून ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं. संस्थानात त्यावर बंदी आली, तर ते नाव बदलून निघत राहिलं. निजाम सरकारकडे मात्र स्वतःचा रेडिओ होता. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या ताब्यात जी पाच नभोवाणी केंद्रं होती त्यांतली दोन हैदराबाद आणि औरंगाबादची. १७ सप्टेंबर १९४८ ला शरणागतीची घोषणा निजामाने रेडिओवरूनच केली. सरकारी रेडिओ एक सांगतो आणि बाहेरून चोरून आलेला कागद दुसरं सांगतो, हा अनुभव आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने घेतलेला आहे. ‘मराठवाडा’च्या मागे कुठल्याही सरकारचा पैसा नव्हता, हा फरक मात्र विसरता कामा नये.

दुसरा संबंध अगदी ताजा. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूर, नांदेड, संभाजीनगरची मुलं युक्रेनला जात होती. इथे नीटचे गुण थोडक्यात कमी पडले आणि खासगी महाविद्यालयाची फी झेपत नाही, अशी घरं. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं आणि १ मार्चला खारकीव्हमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला. दुसऱ्याच दिवशी रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने सांगितलं, की युक्रेनच्या फौजांनी खारकीव्हमध्ये भारतीय विद्यार्थ्यांना ओलीस धरलंय. युक्रेनने उलट म्हटलं, की विद्यार्थ्यांना रशियाने अडकवून ठेवलंय. दोन सरकारं, दोन दावे, आणि मधे आपली मुलं.

त्या दिवसांत एखाद्या घरात काय चाललं असेल, ते डोळ्यांसमोर आणा. फोनवर मुलाशी बोलणं होतं ते दोन मिनिटांचं, मग बॅटरी संपते. टीव्हीवर ‘ओलीस’ ही पट्टी फिरतेय. नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणीतरी तळघरातला व्हिडिओ टाकलाय, तो कुठला, कधीचा, काही पत्ता नाही. आई म्हणते दूतावासाला फोन लाव, बाप म्हणतो कुणाला लावू? ३ मार्चला भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट केलं, की ओलीस ठेवल्याची कोणतीही माहिती त्यांच्याकडे आलेली नाही. पुढे ऑपरेशन गंगामधून हजारो मुलं परत आली. पण मधल्या रात्री ज्यांनी काढल्या त्यांना विचारा, परदेशी सरकारचा खोटा दावा किती लांबचा असतो ते.

पैसा सरकारचा, म्हणजे तो प्रचारच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो विचारलाच पाहिजे. माझं उत्तर: पैसा कोणाचा एवढ्यावर ठरत नाही, बातमी अडवण्याचा अधिकार कोणाला आहे यावर ठरतं. जायकवाडीचं पाणी सगळ्यांचं म्हणतात, पण टेलच्या शेतकऱ्याच्या रानात ते पोहोचेल की नाही हे चारीचं गेट ज्याच्या हातात आहे तो ठरवतो.

म्हणून तीन गोष्टी बघायच्या. पहिली, कायद्याने भिंत घातलीय का? व्हॉइस ऑफ अमेरिकेची सनद १९७६ मध्ये कायदा झाली. बातमी अचूक, वस्तुनिष्ठ आणि सर्व बाजू मांडणारी असावी, असं तिच्यात लिहिलंय. डॉइच वेलेला पैसा जर्मनीच्या केंद्र सरकारच्या करातून मिळतो, पण तिच्यासाठी वेगळा कायदा आहे आणि देखरेखीला वेगळं मंडळ आहे. बीबीसीच्या बाबतीत कोणत्या भाषेत सेवा सुरू करायची किंवा बंद करायची यात ब्रिटनच्या परराष्ट्र मंत्र्याचा शब्द चालतो, कोणती बातमी द्यायची यात चालत नाही. हा फरक बारीक आहे, पण खरा आहे. आणि भाषा निवडण्यात राजकारण असतंच, हेही मान्य करायला हवं.

दुसरी गोष्ट, पैसे देणाऱ्याला झोंबणारी बातमी ते देतात का? ज्या वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं पद गेलं ते व्हॉइस ऑफ अमेरिकेने जगाला सांगितलं, तेही ते पदावर असताना. अरबी सेवेचं उदाहरण वर आलंच. आरटी किंवा सीजीटीएनवर पुतिन किंवा शी जिनपिंग यांच्याविरुद्ध तशी बातमी शोधून बघा.

तिसरी, चूक झाली तर जाहीर दुरुस्ती होते का, आणि त्यांच्यावर त्यांच्याच देशात उघड टीका होऊ शकते का?

या तिन्ही कसोट्यांना शंभर टक्के उतरणारी संस्था मला माहीत नाही. बीबीसीची दृष्टी अनेकदा लंडनची असते, डॉइच वेलेची बर्लिनची. कोणती बातमी वर आणि कोणती खाली यातही कल दिसतो. पण कल असणं आणि ठरवून खोटं पेरणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ‘सगळे सारखेच’ म्हणून दोन्हींना एका तागडीत घालणं ही खोटं पेरणाऱ्याची सर्वात मोठी सोय आहे.

गुपचूप पैसे दिल्याचीही उदाहरणं आहेत ना?

आहेत, आणि ती लपवायची गरज नाही. रेडिओ फ्री युरोप १९५० मध्ये सुरू झाला तेव्हा तो सामान्य अमेरिकन नागरिकांच्या वर्गणीवर चालतो असं सांगितलं जायचं. प्रत्यक्षात मोठा पैसा सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा होता. हे उघड झाल्यावर सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला तो संबंध तोडून अमेरिकी संसदेने खुलं अनुदान सुरू केलं.

१९५६ चं हंगेरीचं प्रकरण त्याहून वाईट. सोव्हिएत रणगाड्यांविरुद्ध उठलेल्या लोकांना रेडिओ फ्री युरोपच्या काही प्रसारणांमुळे वाटलं, की पाश्चात्त्य मदत येणार आहे. ती आली नाही. लोक मेले. त्या रेडिओची विश्वासार्हता सावरायला पुढे बरीच वर्षं गेली आणि अंतर्गत नियम कडक करावे लागले. परक्या देशातल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलताना उगाच आशा दाखवणं हाही अपप्रचारच. तो शत्रूने केला की मित्राने, याने मरणाऱ्याला फरक पडत नाही.

खोटं काय फक्त रशिया आणि चीनच पसरवतात?

नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कोविडच्या काळात फिलिपिन्समध्ये बनावट खात्यांवरून चिनी लशीविषयी शंका पसरवल्या, हे रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये उघड केलं. एकीकडे व्हॉइस ऑफ अमेरिकेला अचूक बातमीसाठी पैसे द्यायचे आणि दुसरीकडे लशीसारख्या जिवावरच्या गोष्टीत हा उद्योग करायचा, याचा राग यायलाच हवा.

भारताचं नावही यात दोन प्रकारे येतं. १९८३ च्या जुलैमध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं, की एड्सचा विषाणू अमेरिकेने प्रयोगशाळेत बनवला. १९८५ मध्ये सोव्हिएत साप्ताहिकाने ‘भारतीय दैनिकात आलंय’ असं म्हणत तीच गोष्ट उचलली आणि मग ती जगभर फिरली. पुढे १९९२ मध्ये रशियाच्या गुप्तहेर खात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी यामागे केजीबी ही सोव्हिएत गुप्तहेर संस्था असल्याचं कबूल केलं. खोट्याला जन्म एकीकडे द्यायचा, बारसं दुसऱ्या देशात करायचं आणि मग पाहुणं म्हणून घरी आणायचं, ही रीत तेव्हाची आणि ती आजही तशीच चालू आहे.

दुसरं प्रकरण २०२० चं. ब्रुसेल्सच्या ईयू डिसइन्फोलॅब या संस्थेने अहवाल काढला, की भारताच्या हिताचा मजकूर पसरवण्यासाठी पंधरा वर्षं शेकडो बनावट वृत्तसंकेतस्थळं चालवली गेली आणि त्यांत मृत व्यक्तींची, बंद पडलेल्या संस्थांची नावंही वापरली गेली. भारत सरकारने यात आपला हात असल्याचं नाकारलं. आपल्या देशाच्या बाजूचं खोटं आपल्याला गोड लागतं, म्हणूनच ते जास्त जपून तपासावं लागतं.

यावर खर्च किती होतो?

बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसला ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याकडून २०२५-२६ साठी १३.७ कोटी पौंड ठरले. आधीच्या वर्षापेक्षा ३.२६ कोटींनी जास्त. बाकीचा मोठा भाग ब्रिटिश नागरिक भरतात त्या परवाना शुल्कातून येतो. डॉइच वेलेचं वर्षाचं अनुदान ४० कोटी युरोच्या आसपास. अमेरिकेत या सगळ्या संस्थांवर मिळून वर्षाला ८० कोटी डॉलरहून जास्त खर्च व्हायचा. लढाऊ विमानांच्या एका खरेदीपुढे हे आकडे किरकोळ आहेत.

बीबीसी मराठीही याच पैशातून आली का?

हो. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रिटिश सरकारने वर्ल्ड सर्व्हिसच्या विस्तारासाठी २८.९ कोटी पौंड जाहीर केले. ती घोषणा संरक्षण आणि सुरक्षाविषयक आढाव्यात झाली, म्हणजे बातम्यांवरचा खर्च हा सुरक्षेचा भाग मानला गेला. त्या विस्तारात मराठी, गुजराती, पंजाबी, तेलुगू या भाषा आल्या. बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाली.

बीबीसी मराठीत बोलायची ही पहिली वेळ नव्हती. १९४२ ते १९५८ या काळात तिचं मराठी प्रसारण होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ ज्या भाषांत बोलत होता त्यांतही मराठी होती. आपल्या भाषेच्या श्रोत्यासाठी महायुद्धातले दोन्ही पक्ष झटत होते, हे मुलांना सांगितलं की ती चकित होतात.

आता रचना बदलली आहे. डिजिटल बातम्यांत परदेशी गुंतवणुकीवर २६ टक्क्यांची मर्यादा आल्यावर एप्रिल २०२४ पासून भारतीय मालकीची कलेक्टिव्ह न्यूजरूम ही कंपनी बीबीसीसाठी भारतीय भाषांतला मजकूर तयार करते. फोनवर बीबीसी मराठीची एखादी बातमी उघडून अगदी खालपर्यंत जा. कंसात एक छोटी ओळ सापडेल: ‘बीबीसीसाठी कलेक्टिव्ह न्यूजरूमचे प्रकाशन’. बहुतेक जण तिथपर्यंत जात नाहीत. पण कोण बोलतंय, कोणाच्या वतीने बोलतंय, हे एका ओळीत उघड लिहिलेलं असणं याला मी फार किंमत देतो.

आमच्या साप्ताहिकाला किंवा यूट्यूब चॅनलला असा परदेशी निधी घेता येईल का?

वर्तमानपत्र असेल तर अनुदान म्हणून घेता येत नाही. परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या २०१० च्या कायद्यातलं तिसरं कलम नोंदणीकृत वृत्तपत्राचे मालक, संपादक, मुद्रक, प्रकाशक, बातमीदार, स्तंभलेखक आणि व्यंगचित्रकार यांना परदेशी देणगी घ्यायला मनाई करतं. दृक्-श्राव्य बातम्या तयार करणाऱ्या किंवा प्रसारित करणाऱ्या कंपन्या आणि संस्थाही त्यात येतात. गुंतवणूक हा वेगळा मार्ग आहे, पण त्याला सरकारी मंजुरी आणि २६ टक्क्यांची मर्यादा. ‘परदेशातून निधी मिळवून देतो, आधी नोंदणी फी भरा’ असं कोणी म्हणत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. खरोखरच काही व्यावसायिक काम, उदाहरणार्थ भाषांतर किंवा चित्रीकरण, परदेशी संस्थेसाठी करायचं असेल तर त्याचं बिल वेगळं असतं. त्यासाठी सीए आणि वकील दोघांना विचारा.

भारत स्वतः परदेशी भाषांत काय करतो?

एके काळी बरंच करत होता. १९७१ मध्ये आकाशवाणीच्या कोलकाता केंद्राची बंगाली बातमीपत्रं पूर्व पाकिस्तानात कान लावून ऐकली जात. देवदुलाल बंद्योपाध्याय यांचा आवाज तिकडे घरोघरी ओळखीचा झाला होता. विदेश प्रसारण विभाग पुढे पश्तो, दारी, नेपाळी, चिनी, तिबेटी, बर्मी, स्वाहिली अशा कितीतरी भाषांत बोलायचा. २०१६ मध्ये बांगलादेशासाठी आकाशवाणी मैत्री ही वाहिनी सुरू झाली. दूरदर्शनची डीडी इंडिया इंग्रजीत जगाशी बोलते.

पण शॉर्टवेव्हचं प्रसारण आटलं आणि त्याच्या जागी शेजारी देशांतल्या भाषांत तितक्या ताकदीचं डिजिटल काम उभं राहिलं नाही. नेपाळ, बांगलादेश, मालदीव, श्रीलंका या देशांत भारताविषयी खोटंनाटं पसरतं तेव्हा त्यांच्या भाषेत, धीराने, रोजच्या रोज बातमी देणारा आपला विश्वासू आवाज हवा. दिल्लीतल्या इंग्रजी वाहिनीवरून ओरडून ते होत नाही. आणि असा आवाज हवा असेल तर त्याला भारत सरकारच्या चुकाही सांगायची मुभा द्यावी लागेल. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ ला. स्वायत्तता कागदावर आहे. पगार आणि मोठा खर्च मात्र सरकारी अनुदानातून होतो, आणि सरकारला झोंबेल अशी बातमी तिथे क्वचितच ऐकू येते.

देशांतर्गत पातळीवर पीआयबीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक २०१९ पासून सरकारी योजना, भरती वगैरेंविषयीची खोटी पत्रकं उघडी पाडतं. तलाठी भरतीच्या बनावट जाहिरातीसारख्या गोष्टींत ते कामाचं आहे. मात्र सरकारविषयीची कोणती बातमी खोटी हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचं आणि मग मजकूर उतरवण्याची टांगती तलवार ठेवायची, ही २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. ते योग्यच झालं असं माझं मत आहे.

याने खरंच काही फरक पडतो का?

पडतो, पण अनुदान देणाऱ्यांना वाटतं तितक्या झटपट नाही. एक पुरावा उलट्या बाजूने मिळतो. सोव्हिएत संघाने वर्षानुवर्षं प्रचंड वीज जाळून या रेडिओंच्या लहरींवर खरखर सोडली. ऐकणारं कोणी नसतं तर एवढा खटाटोप कशाला? १९७८ मध्ये लंडनमध्ये बल्गेरियन पत्रकार गेओर्गी मार्कोव्ह यांना पायात विषारी गोळी टोचून मारलं गेलं. ते बीबीसी आणि रेडिओ फ्री युरोपवर बल्गेरियन भाषेत बोलत असत. आणि मार्च २०२२ मध्ये रशियाने बीबीसी, डॉइच वेले, रेडिओ फ्री युरोप यांची संकेतस्थळं आपल्या देशात बंद केली.

मर्यादा अशी, की खोटं एकदा पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ओळखीचं वाटू लागतं, आणि ओळखीचं ते खरं वाटतं. मानसशास्त्रात १९७७ पासून हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. म्हणून मागाहून केलेला खुलासा नेहमी लंगडत चालतो. आधीपासून रोज बातमी देणारा, पावसाचा अंदाज आणि बाजारभावही सांगणारा, चुकला तर चुकलो म्हणणारा आवाज असेल तर अडीअडचणीला लोक त्याच्याकडे वळतात. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी आकाशवाणीने अधिकृत घोषणा संध्याकाळी केली, बीबीसीने निधनाची बातमी काही तास आधी दिली होती. देशभर लोकांनी ट्रान्झिस्टरचा काटा तिकडे वळवला. अशी सवय एका दिवसात लागत नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेने हे सगळं बंद केलं म्हणतात, ते काय?

१४ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी या संस्थांची शिखरसंस्था शक्य तितकी लहान करण्याचा आदेश काढला. दुसऱ्या दिवशी व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या सुमारे १,३०० लोकांना रजेवर पाठवलं. १९४२ पासून अखंड चाललेलं प्रसारण थांबलं. कर्मचारी न्यायालयात गेले, एप्रिलमध्ये न्यायालयाने हे रोखणारा आदेश दिला, पण गेलेला श्रोता आदेशाने परत येत नाही. रेडिओ फ्री युरोपला तगवण्यासाठी युरोपीय संघाने ५५ लाख युरोंची तातडीची मदत दिली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये, परदेशी अपप्रचारावर लक्ष ठेवणारं अमेरिकी परराष्ट्र खात्यातलं केंद्रही संसदेने मुदत न वाढवल्याने बंद झालं होतं.

यूएसएडची अनुदानं गोठवल्याचा फटका छोट्यांना बसला. युक्रेन, म्यानमार, मध्य आशिया, आफ्रिका इथली कितीतरी स्वतंत्र माध्यमं या अनुदानावर उभी होती. चीनच्या ‘ग्लोबल टाइम्स’ने व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या गच्छंतीवर उघड आनंद व्यक्त केला. मला याचं मनापासून वाईट वाटतं. अमेरिकेचं धोरण मला पटतं असा याचा अर्थ नाही. वाईट वाटतं ते त्या पत्रकारांसाठी, ज्यांच्या मायदेशात त्यांच्या भाषेत खरं छापणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, आणि ज्यांना नोकरी गेल्यावर परतायलाही जागा नाही.

आपल्या गावातल्या अफवा आणि हा विषय एकच का?

नाही, पण शेजारी आहेत. २०१८ च्या जूनमध्ये वैजापूर तालुक्यात दरोडेखोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोघांना ठार मारलं. त्यामागे कोणतंही परदेशी सरकार नव्हतं. महिनाभरानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. बर्लिन किंवा लंडनचा पैसा वैजापूरच्या अफवेला उत्तर देणार नाही आणि त्याने द्यावं अशी अपेक्षाही करू नये. ते काम तालुक्याच्या बातमीदाराचं आणि पोलीस पाटलाचं. तालुक्याच्या बातमीदाराला आज महिन्याला काय मानधन मिळतं, हे विचारलंत तर खरी अडचण कुठे आहे ते कळेल. अनेकांना बातमीचे नव्हे, जाहिरातीच्या टक्क्यांचे पैसे मिळतात.

आलेल्या व्हिडिओमागे कोणाचा पैसा आहे हे कसं बघायचं?

यूट्यूबवर सरकारी पैशावरच्या वाहिन्यांच्या व्हिडिओखाली एक छोटी पट्टी असते. डॉइच वेलेखाली जर्मन सरकारचा, दूरदर्शनखाली भारत सरकारचा निधी असल्याचं तिच्यात लिहिलेलं दिसतं. पण कापून, लोगो झाकून व्हॉट्सॲपवर आलेल्या तुकड्याला ही पट्टी नसते. तेव्हा त्यातलं एक चित्र गोठवा, स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सवर टाका. मूळ व्हिडिओ बहुधा सापडतो, आणि अनेकदा तो दुसऱ्याच देशातला, दुसऱ्याच वर्षीचा निघतो. संकेतस्थळ असेल तर ‘आमच्याविषयी’ हे पान उघडा. तिथे माणसांची नावं, पत्ता, निधीचा उल्लेख यांपैकी काहीच नसेल तर तो मजकूर पुढे पाठवू नका.

मुलीला परदेशी भाषा शिकायची आहे. या क्षेत्रात काम मिळतं का?

मिळतं, पण पक्की नोकरी समजून येऊ नये. २०२५ मध्ये अमेरिकेत काय झालं ते वर वाचलंच. संभाजीनगरला विद्यापीठात परदेशी भाषांचा विभाग आहे आणि हैदराबादला इंग्रजी आणि परदेशी भाषांचं स्वतंत्र केंद्रीय विद्यापीठ आहे. नांदेडहून ते रात्रभराच्या रेल्वेवर आहे. फ्रेंच, जर्मन शिकणारे पुष्कळ आहेत. अरबी, चिनी, फारसी, पश्तो, बर्मी, सिंहली येणारे थोडे, आणि परदेशी माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांना, आकाशवाणीच्या विदेश विभागाला, तथ्यतपासणी करणाऱ्या गटांना लागतात ते हेच लोक. उर्दू जिच्या घरात किंवा गल्लीत बोलली जाते अशा मराठवाड्यातल्या मुलीला अरबी-फारसीची लिपी आणि निम्मे शब्द आधीच ओळखीचे असतात. पुण्या-मुंबईच्या मुलीला तिथे पोहोचायला वर्ष लागतं.